ह्यानं भाकरी खाल्लीय का?

मी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर काढली. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हातात यायचा आणि मग प्राचार्यांच्या. कागद बघून माणूस ओळखता येतो, असा माझा ठाम समज होता. लेटरहेड आहे का, पत्ता पुरता आहे का, जावक क्रमांक घातलाय का, गोल शिक्का सहीला चाटून बसलाय का. एवढं बघितलं की खरंखोटं कळतं, असं मी नव्या क्लार्क लोकांना छातीठोकपणे सांगायची. कॉलेजात ते चालूनही गेलं. घरी मात्र ह्याच शहाणपणापायी माझ्या वहिनींचा चालता धंदा मी जवळजवळ बुडवला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, मी लग्नाच्या फंदात कधी पडले नाही, आणि पुतण्या बायकापोरांसह पुण्यात. तेव्हा सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरात आम्ही दोघीच. वहिनींचं माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. शाळा सातवीपर्यंत, तीही कन्नड. आमच्या घरात कन्नड बोलतात, मीही बोलते, पण माझी सगळी शाळा मराठी, त्यामुळं कन्नड अक्षर मला ओ की ठो कळत नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. घरची भाषा वाचता येत नाही हे पदवीधर बाईनं सांगायचं कसं? वहिनींना इंग्रजी येत नाही हे मात्र मी चारचौघांत सहज सांगायची. असा आपला स्वभाव.

वहिनी कडक भाकरी करतात. ज्वारीची, तीळ लावून, पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग चुलीतल्या निखाऱ्यांच्या आराला उभी करून वाळवलेली. मोडली की कडकन आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर ती भाकरी वहिनी विकत नाहीत, ती आम्हालाच आमटीत चुरून खावी लागते. भावाच्या माघारी त्यांनी हे सुरू केलं आणि बघता बघता पेठेतल्या पाच बायका हाताखाली आल्या. सोलापूर सोडून पुणे, बेंगळुरू, हैदराबादला गेलेली माणसं भाकरी मागवू लागली. मग आमच्याच कॉलेजातून शिकून गेलेल्या एका गृहस्थांकडून साइट करून घेतली. साइटचं सगळं मी बघायचं आणि भाकरीचं सगळं त्यांनी, अशी आमची वाटणी.

एवढ्यावर थांबले असते तर कशाला रडले असते? पण मला घाई. सर्चमध्ये सोलापूरची कडक भाकरी शोधली की आमची साइट दुसऱ्या पानावर यायची, आणि पहिल्या पानावर कोण, तर ज्यांच्या हाताला जन्मात पीठ लागलं नाही असे मोठे दुकानवाले! माझा नुसता जळफळाट व्हायचा. तेवढ्यात एकाचा फोन आला. "मॅडम, तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणतो. बॅकलिंक करून देतो." बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. गोगलगाय आणि पोटात पाय, हे मला नंतर कळलं. वहिनींना न विचारताच मी हो म्हणून बसले.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या कुणाच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी वाट. स्थळ बघायला आलेले लोक शेजारच्या घरी चौकशी करतात की नाही, तसं सर्चवाले चौकशी करतात. ह्यांच्याबद्दल चांगलं कोण कोण बोलतंय? जितके बोलणारे, तितकी पत. आता चौकशीला आलेल्यांपुढं भाड्याचे शेजारी उभे केले तर? थोडे दिवस खपतं, मग पितळ उघडं पडतं. त्या गोडबोल्यानं आमच्यासाठी शेकड्यांनी भाड्याचे शेजारी आणून उभे केले होते. सापडलो आम्ही. त्याचा फोन तोवर बंद झाला होता.

गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी सर्चवाल्यांची नोटीस आली. इंग्रजीत, चार ओळींची. तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका अनैसर्गिक आहेत, सबब साइट दाखवली जाणार नाही. मी शोधून बघितलं. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, दहाव्यावर नाही. 

पंधरा दिवसांत मागणी आटली. रोज खोकी बांधायची गडबड असायची तिथं आठवड्याला एक खोकं जाईना. पाचातल्या दोघींना वहिनींनी "दिवाळीपर्यंत थांबा गं" म्हणून घरी बसवलं. मला म्हणाल्या, "लोकास्नी कंटाळा आला आसंल भाकरीचा." मी मान हलवली. हो, मान हलवली! खरं काय ते माहीत असून. त्या खोलीत आल्या की मी लॅपटॉप मिटायची, छापून आणलेल्या नोटिशीवर टॉवेल टाकायची, आणि साइट दिसत नाही म्हणून कुणा गिऱ्हाइकाचा फोन आला की उठून गच्चीवर जायची.

पुतण्यानं फोनवर लावून धरलं. "आई, आता बास. दिवाळीच्या आधी येतो आणि तुला घेऊनच जातो." हे तो ह्याआधी दहादा म्हणाला होता आणि दहाही वेळा वहिनींनी उडवून लावलं होतं. "तितं मी काय करू? लिफ्टमदी वर-खाली?" ह्या वेळी त्या म्हणाल्या, "बघते." आणि चार दिवसांनी माझ्यासमोरच फोन घेऊन म्हणाल्या, "ये. येते मी."

 त्या गेल्या की चूल बंद, पाच बायकांचं काम बंद, आणि ह्या घरात संध्याकाळी दिवा लावायला मी एकटी. वर हे सगळं माझ्या करणीनं. कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर मी त्याला उभं-आडवं घेतलं असतं. स्वतःला कुठं घेणार?

साइटवाल्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "उपाय आहे, मॅडम. तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्या लिंकांची यादी निघते. एकेक साइट बघायची, विश्वासाची कुठली आणि बनावट कुठली ते ठरवायचं. बनावट असतील त्यांची यादी सर्चवाल्यांना पाठवायची, ह्या आमच्या धरू नका म्हणून. आणि सोबत फेरविचाराचा अर्ज."

यादी, छाननी, अर्ज, फेरविचार! अहो, हे तर माझं हातचं काम. गृहस्थ बजावत होते, "नीट बघून हां. चांगली लिंक नाकारलीत तर तिची पतही जाईल." मी म्हटलं, "मला शिकवताय होय?"

पडद्यावर बघून मला काही ठरवता येत नाही, कागद हातात लागतो. तीनशेच्या वर साइट निघाल्या. प्रत्येक साइटचं, आमचं नाव असलेलं पान मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पीएचडी चाललीय काय?" घरी येऊन लाल-निळी पेन्सिल काढली. निळी खूण म्हणजे विश्वासाची, लाल काट म्हणजे नाकारा. ज्या पानावर ऐसपैस लेटरहेड, इमारतीचा फोटो, पुरता पत्ता, कसल्यातरी मानांकनाचा गोल शिक्का आणि इस्त्रीचं इंग्रजी, त्यावर निळी. ज्यावर पत्ता नाही, शुद्धलेखनाच्या नावानं बोंब आणि मागे गुलाबाची फुलं, त्यावर लाल. हात भराभर चालला होता. कितीतरी दिवसांनी मला ऑफिसात बसल्यासारखं वाटत होतं.

मग कन्नड आणि तेलुगू पानं आली. ती वाचायची कशी? विचारायचं तर वहिनींना, आणि त्यांना विचारायचं म्हणजे हे काय, कशासाठी, कुणी केलं, सगळंच बाहेर येणार. मी त्या सगळ्यांवर एकजात लाल काट मारली. वर शेरा लिहिला, "परकी लिपी, संशयास्पद." ज्या भाषेत माझी आई मला रागवायची तिला मी परकी म्हटलं आणि पेन्सिल जरासुद्धा अडखळली नाही.

हेही सगळं पहिल्यासारखंच चोरून. वहिनी खोलीत आल्या की मी लॅपटॉप मिटायची, कागदांवर टॉवेल टाकायची. गृहस्थांचा फोन आला की उठून गच्चीवर. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

यादी गेली, अर्ज गेला. बारा दिवसांनी उत्तर आलं. नामंजूर. बनावट लिंका अजून तशाच आहेत, आणि नमुन्यादाखल ह्या तीन बघा. मी तिन्ही पानं काढून बघितली. तिन्हींवर माझी निळी खूण. त्यातलं पहिलं तर ते इमारतीच्या फोटोचं, ज्याच्यावर मी खूश होऊन दोनदा खूण केली होती. मी कपाळाला हात लावून बसले. लाल काट मारलेला गठ्ठा उचलला आणि रद्दीवर नेऊन टाकला. आता कशावर विश्वास ठेवायचा तेच कळेना.

दोन दिवसांनी पाण्याचा दिवस होता, आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांतून एकदाच पाणी येतं. सोलापुरात पाण्याच्या दिवशी कुणी कुणाशी भांडत नाही, वेळच नसतो. मी मोरीत पिंप भरत होते आणि वहिनींनी तेवढ्यात मांडणी पुसायला काढली होती. फळ्यांवर घालायला त्यांनी रद्दीतले कागद आणले. कोरी बाजू वर करून एकेक पसरत होत्या. मग त्यांचा हात थांबला.

"वन्सं, हे कुणी काटलं?"

मी वळून बघितलं. कन्नड पान, त्यावर आडवी लाल रेघ आणि माझा शेरा.

"टाकाऊ आहे ते," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचायला लागल्या. आधी कन्नडमध्ये, शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं. वाचलेलं मी ऐकत होते आणि समजत होतं, तरी मग त्यांनी मला मराठीत सांगितलं. कुणा एका बाईनं लिहिलं होतं. तिची आई वारली. आईनंतर घरात कडक रोट्टी कुणाला जमेना. वर्षभरानं तिच्या मैत्रिणीनं सोलापूरहून आमची भाकरी मागवून दिली. तिनं पहिली मोडली, कडकन आवाज झाला, आणि आतल्या खोलीत दिवसदिवस पडून राहणारा तिचा बाप उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. कोण आलंय बघायला. खाली तिनं लिहिलं होतं की ही रोट्टी इथं मिळते, आणि आमच्या साइटचं नाव.

वहिनींनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "ह्यात टाकाऊ काय हाय?"

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि सगळं ओकून टाकलं. गोडबोल्या, भाड्याचे शेजारी, नोटीस, लाल-निळी पेन्सिल, नामंजुरी, सगळं. लोकांना भाकरीचा कंटाळा आलेला नाही, मी तुमची भाकरी लोकांच्या नजरेआड केली, असंही सांगितलं. मागे पिंप भरून पाणी वाहायला लागलं होतं.

"नळ बंद करा आदी," वहिनी म्हणाल्या. मी केला. मग त्या तडकल्या. "मला इचारायला तोंड दुखत व्हतं काय तुमचं? माझी भाकरी, माझं नाव, आन् मीच आडाणी व्हय!"  बरंच बोलल्या, आणि सगळं बरोबर बोलल्या. एकाएकी थांबून माझ्याकडं बघत राहिल्या. "यव्वा! तुमाला कन्नड वाचायला येत न्हाय?" मी मान खाली घातली. आणि काय सांगू, त्या हसायलाच लागल्या. मांडणीला धरून, पदर तोंडाला लावून हसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना दहादा कन्नड पेपरातली बातमी विचारली होती, "चष्मा सापडत नाही" म्हणून. ते सगळं त्यांना एकदम आठवलं असणार. मलाही हसू फुटलं. अर्ध्या तासापूर्वी मला वाटत होतं की हे सांगितलं तर मी मरून जाईन.

हसू ओसरल्यावर त्यांनी माझा निळ्या खुणांचा गठ्ठा मागितला. इमारतीचा फोटो बघितला, गोल शिक्का बघितला. "ह्यात काय लिवलंय?" मी वाचून मराठीत सांगितलं, "सोलापूरची कडक भाकरी ही मऊ, लुसलुशीत, तोंडात विरघळणारी असून गरमागरम वाढावी."

"कडक म्हणतो, वर मऊ म्हणतो. मेल्यानं खाल्ली न्हाय," वहिनी म्हणाल्या. "वन्सं, तुमी शिक्का बघितला. शिक्का घेऊन काय करायचं? ह्यानं भाकरी खाल्लीय का, एवढं बगायचं."

दुसऱ्या दिवसापासून आमची बैठक बसली. दुपारी चुलीचं काम उरकलं की बाहेरच्या खोलीत चटई. इंग्रजी पान आलं की मी मराठीत सांगायचं, कन्नड वहिनींनी वाचायचं. कामाला येणाऱ्यांपैकी एक बाई विणकरांच्या घरातली, तिला तेलुगू वाचता येत होतं. बाकीच्या दोघी पंच. घरी बसवलेल्या दोघीही आपणहून आल्या, म्हणाल्या, "काम नसंना, ऐकायला तर येऊ."

एका पानावर आमची भाकरी गळक्या छपराचं औषध आणि पोट कमी करायचा पट्टा ह्यांच्या मधोमध बसवली होती. तिन्हींची स्तुती शब्दाला शब्द सारखी. "जो आल्यागेल्याला चांगलं म्हणतो त्याचं चांगलं म्हणणं कशात धरायचं?" एक पंच म्हणाली. लाल. गुलाबाच्या फुलांचं एक पान, जे मी पहिल्या झटक्यात काटलं होतं, ते परगावी शिकणाऱ्या पोरांच्या हॉस्टेलचं निघालं. त्यात लिहिलं होतं की कडक भाकरी लॅपटॉपजवळ बसून खाऊ नये, तुकडे बटणांत जातात आणि मग अक्षर उमटत नाही. "खाल्लीय!" सगळ्या एकदम ओरडल्या. तेलुगू पान कुणा कुटुंबाच्या प्रवासाचं होतं. ही भाकरी सांडत नाही, विटत नाही, फक्त मोडताना शेजारचा प्रवासी जागा होतो. निळी, आणि त्या बाईनं ती स्वतःच्या हातानं केली.

मग एक पान असं आलं की त्यात सगळं अचूक. तीळ, आर, आवाज, सगळं. मी निळी करणार, तोच वहिनींनी माझा हात धरला. "थांबा. ह्ये माझंच हाय." बघते तर खरंच. आमच्या साइटसाठी त्यांनी सांगितलेलं आणि मी लिहून घेतलेलं, जसंच्या तसं उचललेलं. "चार भाकऱ्या एकमेकींच्या खांद्याला टेकवून उभ्या करायच्या" हे त्यांचं वाक्यसुद्धा तिथं. "चोरानं खाल्ली न्हाय, नुसता डबा पळवला," वहिनी म्हणाल्या. मी एकटीनं केलं असतं तर तो चोर विश्वासाच्या गठ्ठ्यात पहिला बसला असता.

तोवर मला भारी चकचकीत पान दिसलं की राग यायला लागला होता. अशाच एका झकपक फोटोंच्या पानावर मी न वाचताच लाल पेन्सिल टेकवली. वहिनींनी फोटोतल्या बाईकडे बोट दाखवलं. "आवो, ह्या आल्या व्हत्या की आपल्याकडं. ठेच्यानं डोळ्यांतनं पाणी आलं तरी परत मागितला. चकचकीत म्हंजी चोर, आसं कुटं हाय?" बरोबर होतं. मी खोडरबर घेऊन लाल रेघ पुसली.

आठवड्यात तीनशे पानं उरकली. गृहस्थांना फोन केला, आणि ह्या खेपेला गच्चीवर न जाता तिथंच चटईवर बसून केला. भीत भीत विचारलं की आधीच्या यादीत मी खऱ्या लिंका नाकारल्यात, त्यांचं काय? ते म्हणाले, "नवी यादी चढवली की जुनी पूर्ण पुसली जाते." माझा जीव भांड्यात पडला. एकतीस वर्षं जावक रजिस्टरात एकदा लिहिलेलं खोडता येत नव्हतं. इथं येत होतं, देवाची कृपा!

अर्ज मी लिहिला. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, सदर लिंका आमच्याकडून अनवधानाने..." वहिनींनी विचारलं, "अनवधानाने म्हंजी?"

"म्हणजे न कळत."

"न कळत कुटं? कळून की."

मी ते सगळं खोडलं आणि लिहिलं की सर्चमध्ये वर यायच्या हावेपोटी आम्ही लिंका विकत घेतल्या, चूक झाली, आता सात जणींनी बसून एकेक पान वाचून ही यादी केली आहे. इंग्रजी करून पाठवून दिलं.

मग वाट बघणं. दिवाळी जवळ आली. वहिनींनी माळ्यावरची मोठी बॅग उतरवली. कपाटातून साड्या निघायला लागल्या, गोधड्या निघायला लागल्या. मी बघत होते आणि बोलत नव्हते. कोणत्या तोंडानं थांबवणार? धंदा बसवला मी, आणि आता राहा म्हणणारीही मीच? उत्तर चांगलं आलं तरच विचारायचं, असं मनाशी धरून बसले होते. दिवसातून पंधरा वेळा मेल उघडून बघायची. पुतण्या रविवारी यायचा होता.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. तुमच्या साइटवरील कारवाई मागे घेण्यात आली आहे. मी तीनदा वाचलं. सर्च करून बघितलं. तिसऱ्या पानावर खालच्या अंगाला आमचं नाव! तिसरं तर तिसरं, होतं. मी मागच्या अंगणात पळत गेले. ह्या वयात, चप्पल न घालता, तापलेल्या फरशीवरून.

"वैनी! उठवली! बंदी उठवली!"

वहिनी भाकरी थापत होत्या. "बरं झालं की," म्हणाल्या आणि थापत राहिल्या.

मला वाटलं होतं त्या पीठ टाकून उठतील. माझा धीरच सुटला. "आता तरी जाऊ नका, वैनी. हळूहळू सगळं पूर्वीसारखं होईल. आणि नाही झालं तरी जाऊ नका. मला हे घर एकटीनं नको."

त्यांनी मान वर केली. "कुटं जाऊ नको?"

"पुण्याला. ती बॅग..."

"त्या बॅगेत सुनेच्या साड्या हायत आन् नातवाच्या गोधड्या. पोरगं येतंय तर पाठवून द्यावं म्हटलं. मी येत न्हाय म्हणून त्याला पाण्याच्या दिवशीच सांगितलं."

"पाण्याच्या दिवशी?" मला काही कळेना. "अहो, तेव्हा तर अर्ज नामंजूर होऊन पडला होता!"

"मला अर्जाचं काय करायचंय? भाकरी चार दिस खपली न्हाय म्हणून मी घर सोडीन व्हय?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मी आले की तुमी लॅपटॉप झाकत व्हता. फोन आला की गच्चीवर. कागदावर टावेल. मला वाटलं, घर इकायचं चाललंय, मी आता नको झाले. नको झालेल्या घरात ऱ्हायचं कसं? म्हणून म्हटलं, येते. तुमी मोरीत बसून सगळं बोलला, तवा कळलं की तसं काय न्हाय."

 मग, माझा स्वभाव तुम्हाला आता कळलाच असेल, मी त्यांच्यावरच ओरडले. "मग इतके दिवस माझा जीव टांगणीला लागला होता, एका शब्दानं सांगायचं नाही?"

"तुमी इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. "बरं, आता विचारते," मी म्हटलं.  "इथंच राहता ना?"

वहिनींनी भाकरी उलटली. "तुमचे भाऊ गेल्यापासनं सा वर्सं वाट बगतीय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी इचारंल म्हणून."

मी तिथंच परातीजवळ खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. त्यांनी पिठाच्या हातानंच माझी पाठ थोपटली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.